हाकेच्या आतला मका

७ फेब्रुवारी १९६७, सकाळ. ठिकाण: कडाव, नामातात्यांचं नदीकडचं शेत.

हजर: मकासाहेब. मी. जमीनमालक नामातात्या. पारूवहिनी आणि तिच्याबरोबर मजुरीला येणाऱ्या कडावच्या बायका. बांधावर तात्यांचे बैल.

गैरहजर: वारा.

शेवटची नोंद मी साहेबांच्या सांगण्यावरून करत असे. रोज सकाळी शेतावर पोचलं की आधी हजेरी घ्यायची आणि हजेरीत वाराही धरायचा. "यादीबाई, तो कामावर आला की नाही तेवढं लिहा," ते म्हणायचे. "आपल्यात सगळ्यात जास्त काम तोच करतो, आणि सगळ्यात जास्त घाणही तोच करतो." यादीबाई म्हणजे मी. नाव त्यांनीच ठेवलं, आणि पुढे भिसेगावात आमच्या गल्लीतही तेच चालू झालं.

त्या सकाळी काय झालं ते सांगण्याआधी हा माणूस कोण ते सांगायला हवं. नाहीतर पुढचं कळणार नाही.

साहेब मूळचे घाटावरचे, ज्वारीच्या मुलखातले. सरकारी खात्यात मक्याचे नवे वाण तयार करायचं त्यांचं काम. कर्जतला बदली झाली तेव्हा भिसेगावात आमच्या शेजारची खोली त्यांनी भाड्याने घेतली. सामान आणायला हमाल गेला, तर गादीची वळकटी साहेबांनी त्याच्या डोक्यावर दिली आणि पत्र्याचा एक डबा मात्र स्वतःच्या छातीशी धरून चालत आले. एसटीतही तो डबा त्यांच्या मांडीवर असायचा. एकदा कंडक्टर म्हणाला, "साहेब, डबा टपावर टाका की." साहेब म्हणाले, "तुमचं पोर टाकता का टपावर?" कंडक्टरला वाटलं आत काहीतरी जिवंत आहे. तो जरा लांबच उभा राहिला. आत बियाणं होतं. म्हणजे कंडक्टरचं फारसं चुकलं नव्हतं.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरात बसले होते. साहेबांना नोंदी ठेवायला माणूस हवं होतं. त्यांनी माझी परीक्षा घेतली ती अशी: आमच्या ओट्यावर वाळत घातलेल्या वालाच्या दाण्यांकडे बोट दाखवून विचारलं, "यात वेगळे किती?" मी वाकून निवडायला लागले. ते म्हणाले, "बस्स, मोजू नका. निवडायला वाकलात तेवढं पुरे." रोजंदारीवर लागले. आईला वाटलं, चार महिन्यांचं काम आहे. मी आज चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि ते काम अजून संपलेलं नाही.

कर्जत म्हणजे भाताचा तालुका. पोशीर काय, कडाव काय, पावसात भात आणि मागाहून वाल. इथे मक्याचा माणूस कशाला आला, असं सगळेच विचारत. साहेबांचं उत्तर ठरलेलं: "इथे कोणी मका लावत नाही म्हणून." लोकांना ही थट्टा वाटे, पण ते खरंच कारण होतं. मक्याची पिवळी पिठी, म्हणजे पराग, वाऱ्यावर उडते आणि दुसऱ्याच्या शेतात जाऊन बसते. ठरावीक बापाचं आणि ठरावीक आईचंच बी हवं असेल, तर आजूबाजूला तिसरा मका नकोच. आधी त्यांनी खालापूरच्या बाजूला जागा बघितली होती. पण तिथे मोठ्या रस्त्यावर भाजलेली कणसं विकायला लोक परसात चार-चार धाटं लावत. साहेबांनी दोन दिवस फिरून ती जागा सोडली. "तिथे रस्त्यावर जितक्या गाड्या, तितके सोयरे," म्हणाले.

कडावला मात्र मका नव्हता. पण नसेलच, असं गृहीत धरून बसणारे ते नव्हते. दर हंगामाला पेरणीच्या आधी ते शेताच्या मधोमध उभे राहत आणि चारी दिशांना हाक मारत. आवाज असा की नदीपलीकडची गुरं माना वर करत. मग जिथवर हाक ऐकू गेली, तिथवरच्या प्रत्येक घरी जायचं, चहा घ्यायचा आणि सांगायचं, "परसात मक्याचा दाणा टाकू नका." खरं अंतर आम्ही साखळीने मोजलेलंच असे. पण साहेब म्हणत, "साखळीचा आकडा माझ्या वहीत राहतो. हाक लोकांच्या कानात राहते." आणि खरंच, कडावची माणसं एकमेकांना सांगत, "नको रं लावू, सायबाच्या हाकंत येतंय."

दिसायला ते उंच, किडकिडीत. अंगात खाकी शर्टावर बायकांनी स्वयंपाकात बांधावा तसा एक कापडी एप्रन, त्याला पुढे मोठमोठे खिसे. खिशात कागदी पिशव्या, खडू, कात्री. टाचण्या मात्र तोंडात. ओठांत टाचण्यांची रांग धरूनच ते दिवसभर बोलत. "ह ओळ झक" म्हणजे "ही ओळ झाका." ती भाषा शिकायला मला एक हंगाम लागला. पारूवहिनी दोन दिवसांत शिकली. ती म्हणायची, "आमचा सासरा तंबाखूची चिमट धरून असाच बोलतो. काय अवघड नाय."

आणि छत्री. फेब्रुवारीत, कोरड्या उन्हात, हातात काळी छत्री. पण स्वतःच्या डोक्यावर कधी नाही. बिनटोपीचं टक्कल तापत असायचं आणि छत्री मिटून काखेत. कधी अचानक उघडायची, एखाद्या झाडाशी खाली धरायची, पुन्हा मिटायची. गावात त्यावरून बरंच काही बोललं जाई. नामातात्यांचं मत असं, की साहेबाच्या बायकोने शपथ घातली असणार छत्री बरोबर ठेवायची, आणि डोक्यावर धरायचं शपथेत राहून गेलं असणार.

नामातात्या हा त्या शेताचा मालक. साठीचा, भाताचा पिढीजात शेतकरी. वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यामुळे नदी उन्हाळ्यातही वाहती, म्हणून भात निघाल्यावर ही जमीन खात्याने हंगामापुरती घेतलेली. तात्यांना साहेब आवडत, पण मका आवडत नसे. पहिल्या वर्षी त्यांनी शेतातले दोन वाण बघितले. दोन्ही खुरटे, पिवळट, हवेनं पडतील असे.

"सायब, ह्ये सरकारी पीक हाय का सरकारी दवाखाना?" तात्यांनी विचारलं.

साहेबांनी टाचण्या काढल्या. महत्त्वाचं बोलायचं असलं की काढत. "तात्या, हा वाण मी सात पिढ्या स्वतःशीच जुळवत आणलाय. बाहेरचं वारं लागू दिलं नाही. म्हणून तो असा रोडावलाय. पण आता त्याच्या पोटात काय आहे ते मला पक्कं माहीत आहे. तो दुसराही तसाच. आता या दोघांचं लग्न लावलं, की पोरगं बघा."

पुढच्या वर्षी त्यांनी त्या पोराच्या दोन ओळी आईबापांच्या मध्ये लावून दाखवल्या. दोन्हीकडे कमरेपर्यंतचे आईबाप आणि मध्ये तात्यांच्या डोक्यावरून जाणारा मुलगा, हिरवागार, दांडगा. तात्या बराच वेळ त्या ओळीत उभे होते. बाहेर आले ते म्हणाले, "मक्याला गाव नाय इचारायचं, आईबाप इचारायचं." साहेबांनी ते वाक्य लगेच उचललं, आणि पुढे वरिष्ठांना सांगताना ते नेहमी म्हणत, "आमचे नामातात्या म्हणतात..."

१९६७ साली पणाला काय लागलं होतं ते थोडक्यात लिहिते. हे जोडपं साहेबांना सापडून तीन वर्षं झाली होती. त्यांचं बी राज्यातल्या निरनिराळ्या ठिकाणी चाचणीला पाठवायचं होतं. चाचणीत ते टिकलं तर शेतकऱ्यांच्या हातात जाणार. जानेवारीत साहेबांना पुण्याला बोलावून सांगण्यात आलं, की भाताच्या मुलखात मक्याचं शेत चालवायचं खात्याला आता परवडत नाही. या हंगामात चाचणीपुरतं शुद्ध बी मिळालं तर ठीक, नाहीतर कडावचं काम बंद आणि हे जोडपं कपाटात. साहेब परत आले आणि एवढंच म्हणाले, "यादीबाई, या वर्षी लग्न साधेपणाने करायचं, पण मोडू द्यायचं नाही."

ते लग्न लावायची पद्धत साधी आहे. आईच्या काही ओळी, शेजारी बापाची एक. मक्याचा नर भाग म्हणजे डोक्यावरचा तुरा. मादी भाग म्हणजे खाली काखेतलं कणीस आणि त्यातून बाहेर येणारे रेशमी केस. आईच्या ओळीतला तुरा उमलायच्या आत खुडून टाकायचा. मग तिच्या केसांवर पिठी पडेल ती फक्त बापाचीच. तुरा राहिला तर आईचीच पिठी आईला लागते आणि पुढे निघतात ती पुन्हा तीच खुरटी झाडं. म्हणून त्या दिवसांत पारूवहिनी आणि तिच्या बायका रोज सकाळी ओळींत शिरून तुरे खुडत.

आधीच्या वर्षांत थोडीच झाडं असत, ती साहेब पिशव्या लावून हातानेच जुळवत; ओळीच्या ओळी खुडणं या वर्षी पहिल्यांदाच. ते नामातात्यांना बघवत नसे. आता हे नीट समजून घ्या, कारण गोष्ट इथेच आहे. तात्यांनी जन्मभर भात पिकवला. भाताचं सगळं पीक डोक्यावर, लोंबीत. शेंडा मोडला म्हणजे वर्ष गेलं. डोळ्यांसमोर बायका उभ्या पिकाचे शेंडे उपटून बांधावर ढीग लावताहेत, हे बघून तात्या घरी जाऊन जेवत नसत. साहेबांना विचारलं की साहेब टाचण्यांमधून म्हणत, "नवरीच्या डोक्याला फेटा नको, तात्या." तात्यांना ती चेष्टा वाटे. शेवटी त्यांनी मनाशी एक कारण जुळवलं: वरून हुकूम आहे, साहेबांचा नाइलाज आहे, पीक गेल्यावर साहेबांचीच नोकरी जाणार.

सहा तारखेला साहेब आणि मी कर्जतला कागदी पिशव्यांचं पार्सल आलं का ते बघायला गेलो होतो. पार्सल आलं नव्हतं. शेतावर पारूवहिनी होती. बांधाकडच्या ओळी राहिल्या असताना तात्या आले आणि म्हणाले, "पारू, तुमी जावा घरी. ह्या ओळी मी बघतो." जमिनीचा मालक, वयाने वडील. वहिनी गेली.

सात तारखेला सकाळी आम्ही पोचलो, तर पश्चिमेच्या बांधालगत आईच्या ओळींवर तुरे डुलत होते. पुरे उमललेले. खाली पानांवर पिवळी पिठी सांडलेली.

तात्या बांधावर उभे होते, धुतलेलं धोतर नेसून. खूश. "सायब, ह्ये बघा. तुमच्यासाठी एवढा पट्टा राखलाय. कालपासनं एकीला हात लावू दिला नाय. वरच्या लोकांना काय सांगायचं ते सांगा, पण एवढं तरी धान्य घरात येऊ द्या तुमच्या."

पारूवहिनीने पदर तोंडाला लावला.

साहेबांनी तोंडातली एक टाचणी काढली. मग दुसरी. सगळ्या काढून एप्रनला लावेपर्यंत आम्ही सगळे उभे. माझ्या मनात आलं, आता हा माणूस ओरडला तर ती हाक नेरळपर्यंत जाईल.

"तात्या," साहेब म्हणाले, "इकडे या. बसा."

दोघे ओळीत खाली बसले. साहेबांनी एक कोवळं कणीस तोडलं आणि हळूहळू पाला उलगडला. आतले केस न तोडता दाखवले. "हा एक केस धरा. आणि त्याच्या मागोमाग खाली जा. कुठे जातो?"

तात्यांनी जाडजूड बोटांनी केस धरला. "दाण्याला."

"दुसरा?"

"दुसऱ्या दाण्याला." तात्या आणखी दोन-चार केस मागोमाग गेले. मग त्यांचा हात थांबला. "पीक हितं हाय," ते म्हणाले. "वर नाय."

"भातात नवरा-बायको एकाच खोलीत राहतात, तात्या. मक्यात नवरा माडीवर आणि बायको खालच्या घरात."

तात्यांनी वर डुलणाऱ्या तुऱ्यांकडे बघितलं. खालच्या केसांवर पडलेली पिठी बघितली. "म्हंजे मी काल ह्या माडीवर भलताच पावणा उभा केला."

"हो."

"आन् सगळ्या घरांत शिरला?"

"ज्यांचं दार उघडं होतं त्यांच्या."

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी त्यांना तसं बोडक्याने बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. "सायब, तुमी मला चार शिव्या द्या. मंग पुढं बोला."

"शिव्यांना वेळ नाही," साहेब म्हणाले. "यादीबाई, वारा?"

मी म्हटलं, "अजून गैरहजर."

"लिहा. आणि आता ऐका."

त्यांनी जे सांगितलं त्यात मला तरी पहिल्यांदाच त्यांच्या सगळ्या विद्येचा कणा दिसला. बांधाकडचे तुरे आधी खुडायचे. ज्या कणसांचे केस बाहेर आले होते, ती सगळी गेली, ती संशयाची. पण उशिराच्या झाडांवर केस अजून पाल्याच्या आत होते. ती कणसं स्वच्छ. मात्र ती आजच्या आज झाकायला हवीत. उद्या केस सगळ्यांचेच बाहेर दिसतील, मग कालचं कुठलं आणि आजचं कुठलं हे कसं ओळखणार? पिशवी हीच साक्ष. शिवाय बापाच्या ओळीतले तुरे संपत आले होते. वाऱ्यावर सोडलं तर उशिराच्या कणसांना पिठी पुरणार नाही. म्हणून उरलेली पिठी हाताने गोळा करून, एकेका कणसाला हातानेच घालायची.

"आणि पिशव्या?" मी विचारलं. पार्सल तर आलंच नव्हतं.

नामातात्या उठले. टोपी घातली. "पिशव्या माझ्याकडं लागल्या," म्हणाले आणि गावाकडे चालू लागले.

कडावच्या किराणा दुकानात तेव्हा वर्तमानपत्राच्या कागदाच्या चिकटवलेल्या पिशव्या असत, दोऱ्यात ओवून टांगलेल्या. तात्यांनी दुकानातल्या सगळ्या माळा उतरवल्या. दुकानदार म्हणाला, "अहो तात्या, मी गिऱ्हाइकाला साखर कशात देऊ?" तात्या म्हणाले, "पदरात दे. लगीनघर हाय आपलं." त्या दिवशी कडावच्या बायकांनी साखर-गूळ पदरात बांधून नेला आणि आमच्या मक्याच्या कणसांवर वर्तमानपत्रं चढली. एका कणसावर तर सोन्याचा भाव होता. पारूवहिनी म्हणाली, "हिचं लगीन मोठ्या घरात झालं."

पारूवहिनीच्या बायका भात लावणाऱ्या. लावणीला चिखलात वाकून हात कसा चालतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. तोच हात त्या दिवशी कणसांवर चालला. एक बाई पाला चाचपून केस आत आहेत का बघायची, दुसरी पिशवी चढवायची, तिसरी टाचणी मारायची. अशा तिघी-तिघींच्या फळ्या पारूवहिनीनेच लावल्या. शंका आली की ती ओरडायची, "दार उघडं का बंद?" आणि पलीकडून उत्तर यायचं, "बंद हाय!" दुपारी वारा कामावर आला तेव्हा शेत कागदांनी झाकलेलं होतं.

पुढचे दिवस खऱ्या लग्नाचे. सकाळी ऊन वर आलं, दव उडालं, की बापाच्या तुऱ्यांना पिशव्या लावून झटकायच्या. तळाशी चिमूटभर पिवळी पिठी. तीच घेऊन ओळीत जायचं, कणसावरची पिशवी क्षणभर उचलायची, केसांवर पिठी घालायची आणि पुन्हा झाकायचं. आणि तेव्हा गावाचं छत्रीचं कोडं सुटलं. उन्हात पिठी मरते. छत्री पिठीसाठी होती. आजवर ते एकट्यानेच तिला सावली धरत आले होते. या वेळी त्यांचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून नामातात्यांनी छत्री घेतली. साहेब पुढे, पिठीची पिशवी छातीशी, आणि मागे तात्या लग्नात नवरदेवामागे छत्री धरावी तसे. रस्त्याने जाणारे थांबून बघत. कोणी हसलं की तात्या दरडावत, "हसतोस काय रं? तुला ठावं हाय का तुझं पीक कुठं असतं?"

कापणीला कणसांचे दोन ढीग झाले. एक ढीग तात्यांच्या पट्ट्यातला आणि उघड्या कणसांचा: भरगच्च, टपोऱ्या दाण्यांचा, बघत राहावं असा. दुसरा पिशवीखालचा: कुठे दोन ओळी दाणे, कुठे मधेच फटी, दुधाचे दात पडलेल्या पोरासारखी कणसं. वजन कमी पडत होतं. सगळ्या ठिकाणच्या चाचण्यांना पुरेल एवढं ते नव्हतं.

खात्यातले एक गृहस्थ बघायला आले होते. भला माणूस, त्यांनाही काम बंद पडू नये असं वाटत होतं. ते हळूच म्हणाले, "त्या ढिगातले थोडे मिसळा. बापाचीही पिठी पडलीच असेल त्यांच्यावर. कोणाला कळणार आहे?"

साहेब म्हणाले, "मक्याला."

एवढंच. तो सुंदर ढीग त्याच संध्याकाळी तात्यांच्या बैलांसमोर गेला. मी नोंद केली: चाचणीची ठिकाणं कमी करावी लागतील. साहेबांनी खाली सही केली आणि कारणाच्या जागी लिहायला सांगितलं, "वारा." मी म्हटलं, "साहेब, वारा तर गैरहजर होता." ते म्हणाले, "म्हणूनच. त्याला वकील नाही." नामातात्यांचं नाव कुठल्याही सरकारी कागदावर आलं नाही.

ते बी कमी ठिकाणी गेलं, पण जिथे गेलं तिथे उभं राहिलं. दुसऱ्या वर्षीही. मग त्या वाणाला एक रुक्ष क्रमांक मिळाला आणि तो घाटावरच्या शेतकऱ्यांकडे गेला. आमच्या तालुक्यात तो मका कोणीही लावला नाही. इथे कोणाला त्याची गरजच नव्हती.

पण आम्ही तो पाहिला. साहेबांची बदली व्हायच्या आधी एका पावसाळ्यात त्यांनी पारूवहिनीला, तिच्या बायकांना, तात्यांना आणि मला टेंपोत घालून घाट चढवून नेलं. खालापूर मागे पडलं, घाट संपला आणि पुष्कळ वेळाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका लागला. नजर जाईल तिथवर, पुरुषाहून उंच, वाऱ्यावर एकसारखा हलणारा. साहेबांनी टेंपो थांबवला. पारूवहिनी खाली उतरली, एका कणसाला हात लावला आणि म्हणाली, "अगं बाई, आपल्या तिघी-तिघींनी केलेलं हाय ह्ये." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. मी आयुष्यात पुष्कळ याद्या केल्या, पण त्या क्षणी काय वाटलं त्याची नोंद मला कधी जमली नाही.

शेताचा मालक एक तरुण शेतकरी होता. ही कोण मंडळी, असं बघत आला. नामातात्या त्याच्यापुढे ताठ उभे राहिले. "ह्या मक्याची आई आमच्या बांधावरची," ते म्हणाले. "आन् बाप बी."

शेतकरी गोंधळला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "मका चांगला आलाय. यातलंच बी ठेवणार पुढच्या वर्षाला."

तात्यांनी दोन्ही हात वर केले. "तसं नाय करायचं रं! ह्यो पोरगा दांडगा हाय, पण ह्याचा नातू कुणावर जाईल नेम नाय. दरसाल लगीन नवं लावायचं. बी नवं आणायचं." मग त्यांनी एक कणीस मागून घेतलं, पाला उलगडला आणि त्या माणसाला बांधावर खाली बसवलं. "ह्यो केस धर. कुठं जातो?"

साहेब टेंपोला टेकून उभे होते. तोंडात टाचण्या नव्हत्या. छत्री उघडून त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या डोक्यावर धरली. पाऊस भुरभुरत होता.

बदलीच्या दिवशी ते डबा छातीशी धरूनच निघाले. जाताना दुसरा एक छोटा डबा माझ्याकडे दिला. त्यात बापाचा वाण. "खात्याच्या कपाटात आहेच. पण कपाटाला उंदीर माहीत आहेत, माणसं माहीत नाहीत. दर तीन वर्षांनी पेरा, झाकून घ्या, नवं बी भरून ठेवा. जुनं बी झोपतं आणि मग उठत नाही." निवृत्तीनंतर ते गावी गेले. गेल्या वर्षी ते वारल्याचं कळलं. नामातात्या त्यांच्या आधीच गेले होते. डबा माझ्याकडे आहे. दर तीन वर्षांनी तात्यांच्या मुलाच्या त्याच शेतात चार ओळी लागतात, पारूवहिनी नातीला घेऊन येते आणि तिला विचारते, "दार उघडं का बंद?"

यंदा पेरणीचं वर्ष.

जमीन: ठरली. पाणी: आहे. पिशव्या: आणल्या, टाचण्याही. पारूवहिनी: येते म्हणाली, गुडघा दुखतो, तरी येते म्हणाली. नदीकडची घरं: सांगून झाली. वरच्या आळीतली: सांगून झाली, चहा दोनदा झाला.

राहता राहिला पूर्वेचा नवा बंगला. मुंबईच्या कोणा मंडळींनी बांधलाय. ते शनिवार-रविवारी येतात. त्यांच्या माळ्याने कुंपणालगत शोभेला मक्याची रांग लावल्याचं तात्यांचा मुलगा सांगत होता. "लांब हाय ताई, काय व्हत नाय," म्हणाला. साखळीने मोजलं तर खरंच काठावर येतं.

काल सकाळी मी शेताच्या मधोमध उभी राहिले आणि पूर्वेला तोंड करून, जेवढा होता तेवढा आवाज लावून हाक मारली. लाज वाटली थोडी. मग गप्प राहून ऐकलं.

बंगल्यातलं कुत्रं भुंकलं.

माळ्याला भेटायचं अजून राहिलंय.